गोळी उद्या

"बाई, ती बारकी गोळी तेवढी लिहून द्या. दुसरं काय नगं." स्टुलावर टेकायच्या आधीच आक्का मागणी करून मोकळ्या होतात. मागे उभे असलेले त्यांचे यजमान, अण्णा, मान डोलावतात. "तीच लागू पडती हिला."

मॅडम गोळीबद्दल काहीच बोलत नाहीत. त्या आक्कांच्या मानेकडे बघताहेत. कापड लागलेलं सोसत नाही म्हणून आक्कांनी पदर खांद्यावरून सैल सोडलाय. मानेवर, उजव्या गालावर आणि कोपरापासून खाली दोन्ही हातांवर लालभडक, जांभळ्याकडे झुकणारे चट्टे आहेत. काही रुपयाएवढे, काही एकमेकांत मिसळून तळहाताएवढे झालेले. लांबून पाण्याने भरलेले फोड वाटतात. पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टर हातमोजा चढवून एकावर बोट ठेवतो, तर आत पाणीबिणी काही नाही, टणक. आक्का "आई गं" म्हणून हात ओढून घेतात.

"खाज येते?"

"खाज न्हाई. ठणका. रातभर ठणकतंय."

"ताप?"

"सांजच्याला भरून येतोय. गुडघं धरल्यात. जिना चढाय दोन डाव बसले."

घाटावरच्या एका जिल्ह्याच्या गावचं हे सरकारी रुग्णालय. त्वचारोगाची ओपीडी दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट बंद आहे. आषाढ चालू असल्यामुळे गर्दी दुप्पट. ओल्या कपड्यांचा, फिनेलचा आणि कसल्यातरी मलमाचा मिळून एकच वास व्हरांड्यात कोंडलाय. रांगेतले निम्मे गजकर्णाचे, बाकीचे खरूज, चिखल्या, इसब, मधूनच एखादी नागीण. मी दाराजवळच्या बाकावर, मॅडमच्या परवानगीने, वही घेऊन बसलोय. दर दोन-तीन मिनिटांना एक केसपेपर टेबलावर येतो आणि दुसरा जातो. या वेगात एखाद्यापाशी थांबायचं तर आधीच्याला तेवढं लवकर उठवावं लागतं, आणि मॅडम आत्ता थांबल्या आहेत. रांगेत चुळबुळ सुरू होते.

पहिल्या वर्षाच्या डॉक्टरला उत्तर सापडलंय असं त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. तो आक्कांच्या कोपरामागे बोटं फिरवून नस जाड झाली आहे का ते चाचपतो. मग कानाखाली, मानेवरची नस. कापसाचा बोळा चट्ट्यावर टेकवून "लागलं की सांगा हं" म्हणतो. आक्का प्रत्येक वेळी सांगतात. अण्णांना हे कशासाठी चाललंय ते कळतं. गावात आशाताई पाहणीला येतात तेव्हा हेच करतात. अण्णांचा आवाज एकदम खाली येतो.

"महारोग न्हाई न्हवं साहेब?"

त्यांची भीती अस्थानी नाही. कुष्ठरोग्याला उपचार चालू असताना किंवा संपल्यावरही अशी ताप-सांधेदुखीसकट लाल गाठींची उसळी येते आणि दिसायला ती बरीच अशीच असते. राष्ट्रीय पातळीवर कुष्ठरोगाचं निर्मूलन २००५च्या अखेरीस साधलं गेलं, म्हणजे दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण. तरीही जगात दरवर्षी सापडणाऱ्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतातले असतात. तेव्हा इथल्या डॉक्टरने लाल, दुखरी गाठ आणि ताप एकत्र पाहिला की आधी नसा चाचपाव्यात हेच बरोबर. कानाच्या पाळीतून आणि एका चट्ट्यातून बारीक चीर देऊन पट्टी घ्यायला मॅडम सांगतात. पण त्यांचं लक्ष आता दुसरीकडे गेलंय.

आक्कांच्या डाव्या हाताच्या पंजावर, मागच्या बाजूला, एकच पिवळट टोकाची पुळी आहे. तिच्याभोवती लाल वर्तुळ.

"आक्का, हे कधी आलं?"

"सलायनीची सुई टोचली हुती तितंच. चार दिस झालं. गावातल्या डॉक्टरनं लावली."

"आणि इंजेक्शन दिलं होतं का?"

आक्का दंड दाखवतात. तिथेही तसंच.

मॅडम पेन खाली ठेवतात. "सगळे इकडे या."

चार निवासी डॉक्टर टेबलाभोवती गोळा होतात. जिथे सुई टोचली तिथेच, जंतू शिरले नसताना, त्वचा अशी पेटून उठते तेव्हा शंकेची दिशा बदलते. चट्टे दुखतात, खाजत नाहीत. ताप आहे. नसा जाड नाहीत, संवेदना शाबूत. आणि एक गोष्ट आक्कांनी दारातच सांगून टाकली आहे: बारकी गोळी घेतली की सगळं जातं.

"किती दिवसांत जातं?"

"दोन दिसांत ठणका बंद. चवथ्या दिशी कातडी निर्मळ," अण्णा उत्साहाने सांगतात. "पैल्यांदा दिवाळीच्या पुढं आलं. मग होळीला. आता ह्यो तिसरा डाव. मधल्या वक्ताला मेडिकलवाल्यानंच दिली गोळी. पर आता त्यो बी म्हणतोय, मोठ्या दवाखान्यात दावा."

त्या मेडिकलवाल्याच्या शहाणपणाला मी मनातल्या मनात नमस्कार करतो. गोळी म्हणजे प्रेडनिसोलोन, स्टेरॉइड. स्वस्त, कुठेही मिळणारी आणि मॅडमना ज्या आजाराची शंका आलीय त्यात खरोखरच गुणकारी. पाठ्यपुस्तकातही हेच पहिलं औषध आहे. गावच्या डॉक्टरने दिलेली गोळी चुकीची नव्हती. ती लागू पडली, आक्का शेतावर गेल्या, आणि हे आलं कुठून असं विचारायचं कारण कुणालाच उरलं नाही. कसल्यातरी औषधाची फवारणी अंगावर उडाली असेल, उसाचं पातं कापलं असेल, उष्णता झाली असेल, अशी तीन कारणं घरातच तयार होती.

"गोळी आज नाही," मॅडम म्हणतात. "उद्या."

आक्का त्यांच्याकडे बघत राहतात. गाव ते इथपर्यंत दोन एसटी बदलून, ताप अंगावर घेऊन त्या एवढ्यासाठीच आल्या आहेत.

"बाई, मी काय फुकट मागती का? लिहून द्या, आमी भाईरून घेतो."

"आक्का, गोळी घेतली की हे पुसलं जाईल. मला ते आधी बघू दे. रक्त घेते, त्या चट्ट्याचा बारीक तुकडा घेते. तोवर दुखण्याची दुसरी गोळी देते."

"दुसऱ्या गोळीनं ऱ्हात न्हाई."

"माहीत आहे."

हे "माहीत आहे" मॅडम डोळ्याला डोळा देऊन म्हणतात, आणि मला वाटतं आक्का त्यावरच थांबतात, समजावणीवर नाही.

पुढचा नंबर एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांचा आहे. गुरुजींच्या पिशवीत ट्यूबा आहेत, काही संपवून गुंडाळी केलेल्या. पडद्यामागे जाऊन ते कमरेवरचे आणि नितंबांवरचे चट्टे दाखवतात. फिकट तांबूस, पातळ, जरा सुरकुतलेली कातडी, जिथे ऊन लागत नाही नेमकं तिथे. आठ-नऊ वर्षं झाली, इसब म्हणून मलम चालू आहे. मलम लावलं की फिकं पडतं, सोडलं की उमटतं. आधी दोन ठिकाणी तुकडा काढून तपासला होता, दोन्ही अहवालांत ठोस काही नाही. कसं असणार? स्टेरॉइडचं मलम लावलेल्या कातडीत सूक्ष्मदर्शकाखाली दिसायच्या पेशीच पांगलेल्या असतात. २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा यादीत घातली. गुरुजींच्या पिशवीतल्या एकाही ट्यूबसोबत चिठ्ठी नाही.

"चार आठवडे काहीही लावायचं नाही. फक्त खोबरेल," मॅडम सांगतात. "मग या, परत तुकडा घेऊ."

"तिसऱ्यांदा?" गुरुजींना हे साफ नापसंत आहे. "इसबाला एवढं?"

मॅडमना त्वचेतल्या टी-पेशींच्या लिम्फोमाची शंका आहे. पॅरिसच्या आलिबेर यांनी १८०६ साली हा आजार पहिल्यांदा नोंदवला, आणि आजही त्याचं निदान व्हायला कैक वर्षं जातात, कारण सुरुवातीला तो इसब किंवा सोरायसिस होऊनच वावरतो. पण गुरुजींना त्या यातलं एवढंच सांगतात की रक्तातल्या पेशींचा एक मंद आजार त्वचेत असा दिसतो, तो असेलच असं नाही, आणि लवकर कळला तर बहुतेकांचं आयुष्य त्याने कमी होत नाही. गुरुजी पिशवी उचलतात. दाराशी जाऊन परत येतात आणि ट्यूबांची पिशवी स्वतःहून सिस्टरच्या टेबलाखालच्या कचऱ्याच्या डब्यात रिकामी करतात. "घरी राहिली तर लावीन मी," म्हणतात आणि जातात.

बायोप्सीची खोली म्हणजे ओपीडीच्या मागची अरुंद जागा, एक दिवा, एक पलंग. आक्का कुशीवर झोपल्या आहेत. तिसऱ्या वर्षाची डॉक्टर मुलगी भुलीचं इंजेक्शन देते, मग पंच म्हणजे पेन्सिलीएवढ्या जाडीचं गोल पातं चट्ट्याच्या कडेवर टेकवून फिरवते. चार मिलिमीटरचा तुकडा निघतो, तो फॉर्मलिनच्या बाटलीत जातो. दुसरा तुकडा सलाईनच्या बाटलीत, जंतू वाढतात का ते बघायला. एक टाका. सगळं पाच मिनिटांत. नंतर मात्र ती बराच वेळ कापसाचा बोळा दाबून धरते. रक्त लवकर थांबत नाही. ती मॅडमकडे बघते, मॅडम मान हलवतात, कुणी काही बोलत नाही.

हात चालू असतानाच मॅडम शिकवताहेत. आवाज पलंगावरच्या माणसाला त्रास होणार नाही एवढाच. "रॉबर्ट डग्लस स्वीट. इंग्लंडात प्लिमथला त्वचारोगतज्ज्ञ होते. १९६४ साली त्यांनी आठ बायकांची नोंद छापली. ताप, रक्तात न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी वाढलेल्या, आणि असे चट्टे. चट्ट्यात काय सापडलं? नुसत्या न्यूट्रोफिल, खच्चून भरलेल्या. जंतू शून्य. आता मला सांगा, न्यूट्रोफिल कशाला धावून येतात?"

"जंतूंवर," पहिल्या वर्षाचा.

"इथे जंतू नाहीत, जखम नाही. मग बोलावलं कुणी?"

उत्तर कुणी देत नाही, तेव्हा त्याच देतात. कधी घशाच्या संसर्गानंतर शरीराची यंत्रणा अशी बिनसते. कधी आतड्याच्या दाहात, कधी गरोदरपणात, कधी एखाद्या औषधाने. पांढऱ्या पेशी वाढवायला जी-सीएसएफ नावाचं इंजेक्शन देतात, त्यानेही कुणाकुणाला हुबेहूब असेच चट्टे येतात. पेशींना हाक मारणारं रसायन वाढलं की त्या त्वचेत उतरतात, एवढं त्यावरून कळतं. आणि हीच रसायनं बिघडलेल्या अस्थिमज्जेमुळेही वाढतात. काही रुग्णांत तर त्वचेत उतरलेल्या पेशी त्या बिघडलेल्या वंशाच्याच निघाल्या आहेत.

"पाचात एक," मॅडम म्हणतात. "स्वीट सिंड्रोमच्या साधारण पाच रुग्णांत एकाला कुठलातरी कर्करोग असतो, आणि त्यातले बहुतेक रक्ताचे. सगळ्यात जास्त अ‍ॅक्यूट मायलॉइड ल्युकेमिया. बाकी चौघांना नसतो, हे विसरायचं नाही. नाहीतर प्रत्येक लाल चट्ट्याला घाबरवत सुटाल. पण तो पाचवा कोण, हे चट्टा बघून कळत नाही. त्याला रक्त बघावं लागतं."

"सर्वसाधारण स्वीटमध्ये पांढऱ्या पेशी वाढलेल्या असतात," तिसऱ्या वर्षाची डॉक्टर पुस्ती जोडते. "त्या कमी असल्या, हिमोग्लोबिन, प्लेटलेट कमी असल्या, तर..."

"तर आजच्या आज," मॅडम म्हणतात.

कोणीतरी विचारतं की रुग्ण पुरुष असता तर. मॅडमना प्रश्न आवडतो. २०२० साली अमेरिकेतल्या संशोधकांनी व्हेक्सास नावाचा एक आजार दाखवून दिला, त्याची आठवण त्या करून देतात. पन्नाशी उलटलेल्या पुरुषांना ताप, असेच चट्टे, कानाची पाळी सोडून वरचा कान सुजून लाल, आणि रक्तात हळूहळू उतरती कळा. मुळाशी एक्स गुणसूत्रावरच्या यूबीए१ या जनुकातला बदल, जन्मजात नसलेला, मज्जेच्या पेशींत उतारवयात झालेला. त्याआधीची कित्येक वर्षं हे लोक आज त्वचेच्या, उद्या सांध्यांच्या, परवा कानाच्या डॉक्टरकडे फिरत राहिले. आणि स्टेरॉइडने त्यांनाही बरं वाटायचंच.

दुपारी दीडच्या सुमारास प्रयोगशाळेतून फोन येतो. वॉर्डबॉय मामा रिपोर्ट आणून देईपर्यंत थांबायला मॅडम तयार नाहीत, त्या स्वतःच खाली निघतात. मी मागोमाग.

पॅथॉलॉजी तळमजल्यावर. यंत्रातून निघालेली पट्टी टेबलावर आहे: हिमोग्लोबिन ७.६, पांढऱ्या पेशी २,९००, प्लेटलेट ५८,०००. त्याखाली यंत्राने छापलेली इशाऱ्याची खूण, की या पेशी मला ओळखता येत नाहीत, माणसाने बघाव्यात. एवढ्या गर्दीच्या प्रयोगशाळेत ही खूण रोज कितीतरी पट्ट्यांवर येत असणार. इथल्या पॅथॉलॉजिस्ट बाईंनी तिच्याकडे कानाडोळा केलेला नाही. रक्ताचा थेंब काचेवर पसरून, लीशमनच्या रंगात रंगवून त्या बघत बसल्या आहेत.

सूक्ष्मदर्शकाला दोन नळ्या आहेत. मॅडम एकीतून बघतात, मग मला बोलावतात. "बघा."

मला आधी तांबूस पेशींचा पसारा दिसतो, काही नेहमीपेक्षा मोठ्या. पॅथॉलॉजिस्ट बाई काच सरकवत बाणाची खूण एका पेशीवर आणून थांबवतात. न्यूट्रोफिलचं केंद्रक तीन-चार पाळ्यांचं असतं. हिच्यात दोनच गोल आहेत, मधे बारीक तार, नाकावर ठेवायच्या जुन्या चष्म्यासारखे. मज्जेत पेशी नीट घडत नाहीयेत, असा त्याचा अर्थ. पुढे अशा आणखी. मग बाण एका मोठ्या पेशीवर थांबतो. जवळजवळ सगळी केंद्रकानेच भरलेली, भोवती निळ्या रंगाची अरुंद पट्टी. कच्ची पेशी, मज्जेतून बाहेर यायलाच नको होती अशी. आणि निळ्या पट्टीत आडवी पडलेली एक बारीक तांबडी काडी.

"ऑअर रॉड," पॅथॉलॉजिस्ट बाई म्हणतात. त्यांच्या आवाजात मला किंचित आनंद ऐकू येतो आणि मी चमकतो. मग लक्षात येतं की तो नेमकं सापडल्याचा आहे, आणि तसा तो असायलाही हवा. ही काडी मायलॉइड वंशाच्या रोगट पेशींत दिसते, निरोगी रक्तात नाही. "किती टक्के ते मज्जा बघून सांगते. पण हे आजचं नाही. ह्या चष्मेवाल्या पेशी सांगतात, बरेच महिने चाललंय."

"दिवाळीपासून," मॅडम म्हणतात.

जिन्यात त्या एका पायरीवर थांबतात. मला वाटतं दम लागला, पण त्या फोनवर मेडिसिनच्या डॉक्टरांशी बोलताहेत. मज्जा आजच काढता येईल का? नाही, उद्या सकाळी. ताप आहे आणि पांढऱ्या पेशी कमी, तेव्हा आधी रक्ताचं कल्चर, मग लगेच प्रतिजैविक. स्टेरॉइड? "मज्जा निघेपर्यंत नाही," पलीकडूनही तेच. अजून काहीच पक्कं नाही. स्टेरॉइडने काही प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगांत पेशी विरघळतात, आणि मग नमुन्यात काय होतं ते ओळखणं अवघड होतं. शिवाय आत एखादा संसर्ग दबा धरून असला तर ही गोळी त्यालाही मोकळं रान देईल. म्हणजे आक्कांना आणखी एक रात्र.

हे आक्कांना सांगायचं काम मॅडम कुणावर ढकलत नाहीत. स्त्रियांच्या मेडिसिन वॉर्डात खिडकीजवळची खाट मिळाली आहे. अण्णा जमिनीवर सतरंजी पसरताहेत. मॅडम खाटेच्या कडेला बसतात.

"आक्का, रक्त कमी आहे. रक्त जिथे तयार होतं तिथेच काहीतरी बिघाड दिसतोय. कातडीवरचं त्याच्यामुळे आलंय असं मला वाटतं."

"म्हंजी कातडीचं न्हाई?"

"कातडीवर दिसतंय. मूळ आत आहे."

अण्णा सतरंजीवरून उठतात. "कॅन्सर?"

"तशी शंका आहे. उद्या कमरेच्या हाडातून पाणी काढून बघणार. पक्कं झालं की सांगेन, लपवणार नाही. आणि असलं तरी त्याला औषध आहे."

आक्का बराच वेळ छताच्या पंख्याकडे बघतात. मग विचारतात, "मंग दिवाळीला आलो असतो तर?"

असा प्रश्न मी टाळला असता, पण मॅडम टाळत नाहीत. "लवकर कळलं असतं. पण तेव्हा रक्तात एवढं दिसलंच असतं, असं मी छातीठोक सांगू शकत नाही. कधी कातडीवर आधी येतं आणि रक्तात नंतर." थोडं थांबून त्या विचारतात, "तेव्हा कुणी रक्त तपासलं होतं का? जुने कागद आहेत?"

"हाईत की. घरी. फडताळात."

"पोराला सांगा फोटो पाठवायला. सगळे. गोळ्यांच्या चिठ्ठ्यासुद्धा."

रात्र वाईट जाते. सकाळी मी पोहोचतो तेव्हा सिस्टर सांगतात की तीनपर्यंत डोळा नव्हता. नवे दोन चट्टे आलेत, एक कपाळावर आणि एक टाक्याच्या शेजारी. आक्का माझ्याकडे पाठ करून झोपल्या आहेत. शेजारच्या खाटेवरची बाई मला ऐकवते, "दुखणं दिसतंय तर गोळी द्यायला काय झालं ह्यांना?" मला उत्तर माहीत आहे, तरी तिथे उभं राहून ते देणं मला जमत नाही. माहिती असणं आणि रात्रभर शेजारी कण्हणारं माणूस ऐकणं या दोन गोष्टींची मनात गाठ पडत नाही.

मज्जा काढायला आक्कांना कुशीवर वळवतात. पाठीच्या खालच्या बाजूला, कमरेच्या हाडाचा उंचवटा शोधून भूल देतात. जाड सुई दाबत, फिरवत आत जाते. कातडीला भूल आहे, हाडाच्या आतल्या ओढीला नाही. सिरिंज ओढली जाते त्या क्षणी आक्कांची मूठ सिस्टरच्या हातावर आवळते. लालसर, दाट थेंब काचांवर पडतात, टेक्निशियन भराभर पसरवतो. थोडा नमुना बाहेरगावी जाणार, पेशींची जात ठरवणाऱ्या तपासणीला. हाडाचा बारीक दोरा फॉर्मलिनमध्ये.

दाब देऊन पट्टी बसते. पहिल्या वर्षाचा डॉक्टर, कालचा कुष्ठरोगवाला, हातात गोळ्यांची पट्टी घेऊन दाराशीच उभा आहे. कुणी सांगायची वाट न बघता तो पुढे येतो. कुष्ठरोगाची पट्टी निरंक आलीय, हेही तोच सांगतो. आक्का गोळ्या मोजून बघतात, दोन जास्त आहेत पूर्वीपेक्षा, आणि पाण्याच्या घोटाबरोबर घेतात.

"परवापतुर जाईल बघा हे," त्या मला सांगतात, जणू मीच आजारी आहे.

"कातडीवरचं," मॅडम म्हणतात.

"व्हय. कातडीवरचं."

खाली सरकारी आरोग्य योजनेच्या टेबलाशी अण्णांना आरोग्यमित्र समजावतोय. रेशनकार्ड, आधार, दोन्हीच्या झेरॉक्स. पुढचे उपचार इथे होतील की पुण्या-मुंबईला जावं लागेल ते मज्जेचा अहवाल आल्यावर ठरेल, पण कागद आजच करून ठेवा. रक्तपेढीतून निरोप आहे की प्लेटलेट लागतील, नातेवाईक रक्तदाते बघून ठेवा. अण्णा भावकीतल्या माणसांची नावं बोटांवर मोजतात आणि एकेक बोट मिटतात. ह्याला साखर, तो पितो, हा सुईला भितो. शेवटी कबड्डीच्या मंडळाला फोन लावतात.

त्यांच्या फोनवर मुलाचे फोटो येऊ लागले आहेत. एकामागून एक, काही आडवे, काही अंधारात काढलेले. अण्णा फोन तिसऱ्या वर्षाच्या डॉक्टरच्या हातात देतात. ती बोटाने मोठं करून वाचते. पिवळ्या ट्यूबची चिठ्ठी. सलाईनची पावती. दुसरी चिठ्ठी, प्रेडनिसोलोन, पाच दिवस. मग एका खासगी लॅबचा कागद, तारीख मागच्या डिसेंबरची. हिमोग्लोबिन ९.४. पांढऱ्या पेशी ३,८००. प्लेटलेट १,१२,०००. तिन्हींपुढे खाली जाणारा बाण, आणि पानाच्या तळाशी छापील ओळ, की डॉक्टरांना दाखवून घ्यावे.

"हा कुणाला दाखवला होता?"

"दावलाच न्हाई," अण्णा म्हणतात. "रिपोट आला तवर पुरळ गेलं हुतं."

ती केसपेपरवर तिन्ही आकडे तारखेसह उतरवून घेते आणि फोन परत देत विचारते, "अजून काही आहे का? त्याच्याही आधीचं?"

अण्णा पुन्हा घरी फोन लावतात.